(3, −2) चं एक्स-अक्षातलं प्रतिबिंब विचारलं की सातवीची मुलं 3 चं चिन्ह बदलतात. कसं समजवावं?

बहुतेक मुलांचा हाच घोळ होतो: ‘एक्स-अक्षात’ असं ऐकलं की एक्सच बदलायचा! नियम पाठ करून घेतलात तर आठवड्याभरात परत उलटसुलट करतील.

आधी संख्यारेषेवर या, आणि ती उभी काढा. तळघर असलेल्या इमारतीच्या लिफ्टसारखी: 0 म्हणजे तळमजला, −2 म्हणजे दोन मजले खाली. −7 हा −3 पेक्षा लहान का, तेही इथेच सुटतं. 2 आणि −2 शून्यापासून सारख्याच अंतरावर, फक्त विरुद्ध बाजूंना.

आता आलेख कागद. (3, −2) वर पेनने ठसठशीत ठिपका द्या, कागद बरोबर एक्स-अक्षावर दुमडा आणि ठिपक्यातून कंपासचं टोक आरपार टोचा. उघडल्यावर दुसरं भोक (3, 2) वर सापडतं. डावी-उजवीकडे काहीच सरकलं नाही, हे मुलांनाच बोलू द्या. वाय-अक्षावर दुमडलं तर (−3, −2).

मग हळूच विचारा: (5, 0) चं एक्स-अक्षातलं प्रतिबिंब कुठे? ‘(5, 0) च, तो घडीवरच आहे’ असं उत्तर आलं की नियम फळ्यावर लिहायला हरकत नाही.