प्रश्न: व्हिडिओ व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतो, पण कन्व्हर्टर तो उघडतच नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की तीन कन्व्हर्टर बदलून झाले, शेवटी फाइलचं एमपी४ हे एक्स्टेन्शन खोडून एव्हीआय केलं, तरी 'फाइल सपोर्टेड नाही' हाच मेसेज. शिवाय एक फाइल व्हीएलसीतही उघडत नाही. आधी ते एक्स्टेन्शन पूर्ववत करा. नाव बदलल्याने आतला डेटा तसूभरही बदलत नाही, उलट एखादा प्रोग्रॅम त्या नावावर विसंबून आणखी गोंधळतो.

तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. व्हीएलसीत चालणाऱ्या फाइली बहुतेक धडधाकट आहेत, दोष कन्व्हर्टरचा आहे. एमपी४ हा नुसता कंटेनर, म्हणजे डबा. त्यातलं चित्र दाबून भरण्याची पद्धत एच.२६४ असेल, एचईव्हीसी असेल किंवा एव्ही१ही. व्हीएलसी स्वतःचे डिकोडर (ते दाबलेलं चित्र उलगडणारे भाग) सोबत घेऊनच येतो, म्हणून त्याला फारसं काही अडत नाही. जुन्या कन्व्हर्टरकडे एचईव्हीसीचा डिकोडर नसला की तो सरळ फाइललाच नावं ठेवतो. आयफोन तर २०१७ च्या आयओएस ११ पासून 'हाय एफिशियन्सी' सेटिंगवर एचईव्हीसीतच चित्रीकरण करतात.

म्हणून चौथा कन्व्हर्टर उतरवण्याआधी मीडियाइन्फो नावाचा छोटा, मोफत प्रोग्रॅम घ्या आणि त्यात फाइल टाका. व्हिडिओच्या भागात 'फॉरमॅट' आणि 'बिट डेप्थ' (रंगछटांची बारकाई) या दोन ओळी बघा. एचईव्हीसी किंवा १० बिट्स दिसलं, तर बहुधा तिथेच घोडं अडलंय. मग हँडब्रेक या मोफत कन्व्हर्टरची ताजी आवृत्ती वापरा आणि एच.२६४, ८ बिटमध्ये रूपांतर करा. तरीही अडलं तर फाइलला साधं, लहानसं इंग्रजी नाव देऊन ती ड्राइव्हच्या अगदी वरच्याच एखाद्या फोल्डरमध्ये ठेवून बघा. देवनागरी नाव किंवा लांबलचक पाथ काही जुन्या प्रोग्रॅमना झेपत नाही. हसू येतं, पण माझा एक अख्खा रविवार यात गेलाय.

आता ती कुठेच न उघडणारी फाइल. मूळ फाइलची कॉपी करा आणि सगळे प्रयोग कॉपीवरच. मग साइझ बघा. शून्य केबी असेल तर विषय संपला. मेमरी कार्डावर मूळ फाइल अजून असेल तर दोन्हींची साइझ बाइटपर्यंत जुळवा. कॉपी अर्धवट राहणं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण.

साइझ भरपूर, पण मीडियाइन्फोत कालावधीही दिसत नाही आणि व्हिडिओ ट्रॅकही नाही? मग संशय फाइलच्या आतल्या एका भागावर, म्हणजे 'मूव्ह' अ‍ॅटमवर. एमपी४ मध्ये चित्र आणि आवाजाचा ढीग एकीकडे असतो, आणि कोणती फ्रेम कुठे सुरू होते, किती बाइटची आहे, याची अनुक्रमणिका दुसरीकडे. ती अनुक्रमणिका म्हणजे मूव्ह. बरेच कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर, अगदी शेवटी लिहितात. मध्येच बॅटरी गेली किंवा कार्ड उपसलं की ढीग राहतो, अनुक्रमणिका नाही. माझ्या एका दोन तासांच्या रेकॉर्डिंगचं नेमकं हेच झालं होतं. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने 'मूव्ह अ‍ॅटम सापडला नाही' म्हणून हात वर केले.

ती फाइल वाचवली अनट्रंक या मोफत साधनाने. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवर घेतलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून लागते. त्यावरून ते हरवलेली अनुक्रमणिका नव्याने बांधतं. रिझोल्यूशन किंवा फ्रेम रेट वेगळा असलेला नमुना दिलात तर हाती कचरा येतो (पहिल्या खेपेला मला तोच मिळाला). एकच मिनिटाची नमुना फाइल पुरते, हवी तर आत्ता काढा.

प्रयत्नाआधी फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून खाली-वर फिरून बघा. धड एमपी४ मध्ये पहिले चार बाइट सोडून लगेच एफ, टी, वाय, पी ही अक्षरं दिसतात आणि पुढे आकड्यांची खिचडी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती शून्यं असतील तर त्या फाइलमध्ये वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. अशा वेळी मूळ कार्डावर काहीही नवं लिहू नका आणि फोटोरेकसारख्या, हरवलेल्या फाइली शोधणाऱ्या साधनाने कार्डच तपासा.

मीडियाइन्फोत व्हिडिओच्या भागात काय दिसतं ते इथे लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.