अजब बंगला सासऱ्यांना आणि पोरांना एकाच सकाळी कसा दाखवावा

ताई, तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून दीर-जाऊ येणार, सोबत त्यांची आठ आणि बारा वर्षांची पोरं. घरात सत्तरी ओलांडलेले सासरे, मूळचे मूर्तिजापूरकडचे. हाताशी एकच सकाळ. आणि कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, भुसा भरलेल्या प्राण्यांशिवाय काही नाही, त्यापेक्षा मॉलमध्ये न्या.

मॉल पुण्यात ढिगाने आहेत. अजब बंगल्यातच न्या, फक्त सगळं बघायचा हट्ट धरू नका. पहिल्या दालनापासून शेवटच्यापर्यंत रांगेने चालत गेलं की तासाभरात पोरं एकमेकांना चिमटे काढतात आणि म्हातारी माणसं बसायला जागा शोधतात. मी पाहुण्यांना नेतो तेव्हा एकच गोष्ट सांगतो: वस्तूकडे बघायच्या आधी ती कोणत्या गावात सापडली ते लेबलावर वाचा. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात हा खेळ जमत नाही. इथे जमतो, कारण लेबलावर आपल्या सोयऱ्याधायऱ्यांची गावं आहेत.

त्यामागे कारण आहे. इंग्रजांचा मध्य प्रांत 1861 मध्ये झाला आणि हे संग्रहालय 1863 मध्ये. रिचर्ड टेंपल तेव्हा इथे मुख्य आयुक्त होते. नागपूर राजधानी, त्यामुळे बालाघाटपासून छत्तीसगडपर्यंत कुठे शिलालेख निघाला, कुठे नांगराला ताम्रपट लागला, की त्याची वाट बहुतेक नागपूरकडेच. पुढे 1903 मध्ये वऱ्हाडही या प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. आज त्या जुन्या प्रांतातली बरीच गावं मध्य प्रदेश-छत्तीसगडात आहेत, पण वस्तू राहिल्या इथे नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये.

आता क्रम. प्राणी-पक्ष्यांचं दालन आधी, बिनधास्त. मोठी माणसं नाक मुरडतात, पण आठ वर्षांच्या पोराला तेच हवं असतं आणि त्याचं पोट भरल्याशिवाय तो तुम्हाला मूर्तींसमोर उभं राहू देणार नाही. पाऊण तास द्या. तोवर सासऱ्यांना बाकावर बसू द्या, त्यांची पाळी पुढे आहे.

मग पोरांना गुंगेरियाची गोष्ट सांगा. बालाघाट जिल्ह्यातलं हे गाव. 1870 मध्ये गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. ओढला, खणलं, आणि निघाला तांब्याच्या हत्यारांचा साठा: 424 नग, शिवाय चांदीचे 102 पातळ पत्रे, त्यातले काही बैलाच्या तोंडाच्या आकाराचे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला हा साठा मानतात. पुढे त्याची वाटणी झाली, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, काही नागपूरला राहिला. कुऱ्हाडी बघताना पोरांना विचारा की एवढं तांबं एका जागी कोणी आणि कशाला पुरलं असेल. बारा वर्षांचा पोरगा हमखास वाद घालतो, आणि उत्तर पक्कं नसल्यामुळे कोणीही हरत नाही.

ताम्रपटांपाशी मात्र रेंगाळा. बहुतेक जण तिथून झपाट्याने पुढे जातात, कारण लांबून ते गंजक्या पत्र्यासारखे दिसतात. वाकाटकांचा, म्हणजे विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याचा, ताम्रपट शोधा, कर्मचाऱ्याला विचारा, मांडणी बदलत असते. काचेला नाक लावून अक्षरांची डोकी बघा: प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर छोटीशी चौकोनी पेटी कोरलेली आहे. ही पेटिकाशीर्ष ब्राह्मी, म्हणजे जुन्या ब्राह्मी लिपीची पेटीच्या डोक्याची तऱ्हा. लहान्याला सांगा, एका ओळीत किती पेट्या ते मोज. पत्र्याला भोक दिसेल, त्यातून कडी ओवून सगळे पत्रे एकत्र बांधत आणि कडीला राजमुद्रा लावत, म्हणजे मधला पत्रा कोणी बदलू नये.

आत काय लिहिलंय ते सासऱ्यांना आवडेल. वाकाटकांच्या दानपत्रांत राजा नुसतं गाव देऊन थांबत नाही, त्या गावाला सरकारी तापातून मोकळंही करतो. शिपायांनी गावात शिरायचं नाही. दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यांना बसायला कातडी आणि शेकायला कोळसा पुरवायचा नाही. फुलं नि दूध द्यायचं नाही. म्हणजे एरवी हे सगळं गावाला द्यावं लागत होतं! ज्या माणसाने सरकारी साहेबाच्या दौऱ्याची सरबराई पाहिली आहे त्याला हे लगेच पटतं. हे लेख वाचून, लावून, पुस्तकात आणण्याचं मोठं काम नागपूरच्याच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केलं, तेवढं नाव पोरांच्या कानावर घालाच.

सासऱ्यांसाठी खास जागा म्हणजे जैन धातुमूर्ती. राजनापूर खिनखिनी इथे सापडलेल्या जैन मूर्तींचा संच नागपूरच्या संग्रहात आहे आणि हे गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं. आधी काही सांगू नका. दालनात जाताना मूर्ती कुठल्या, तेवढं त्यांनाच वाचू द्या. मग ते बोलतील, तुम्ही गप्प बसा. त्या बाजूला कोणाचं शेत होतं, बाजार कुठे भरायचा, हे सगळं निघेल, आणि पुण्याच्या पोरांना आजोबांचं गाव पहिल्यांदा नीट ऐकायला मिळेल.

इथवर आलात की झालं. भोसल्यांची शस्त्रं, आदिवासी जीवनाचं दालन, चित्रं हे वाटेत जेवढं होईल तेवढं. गोंडांचं मात्र एक वाक्य सोडू नका: नागपूर वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंद शाहने, 1702 मध्ये. भोसले नंतर आले. पुण्याच्या पाहुण्यांना हे आवर्जून सांगावं लागतं बाप्पा, त्यांच्या लेखी नागपूर म्हणजे रघुजी भोसले, संत्री आणि हिवाळी अधिवेशन.

बाकी बारीकसारीक. सोमवारी बंद असतं. ऑटोवाल्याला अजब बंगला सांगा, मध्यवर्ती संग्रहालय म्हटलं तर एखादा तोंडाकडे बघत राहील. मेट्रोने यायचं तर झिरो माइलला उतरा, सासऱ्यांसाठी तिथून ऑटो करा. निघायच्या आधी तर्री पोहे पोटभर, म्हणजे एकपर्यंत कोणी जेवणाचं नाव काढत नाही. फोटोचे नियम तिकिटाच्या खिडकीवरच विचारून घ्या. फ्लॅश कुठेच मारू नका, काचेत तुमचाच चेहरा येतो.

जेवल्यावर पोरांच्या अंगात दम उरलाच तर मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय गाठा, तिथे उघड्यावर इंजिनं आहेत, आणि आजोबा सावलीत बसू शकतात. दुसरा एखादा दिवस निघाला तर रामटेकच्या वाटेवर नगरधन करा. वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी तीच, आणि तिथल्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली आहे. समोर दिसणारा किल्ला मात्र भोसलेकाळातला, दोन्हींची सरमिसळ करू नका.

सीताबर्डीच्या किल्ल्याचं विचारलंत. 1817 च्या नोव्हेंबरमधली भोसले-इंग्रज लढाई तिथलीच, त्यामुळे शस्त्रं बघितल्यावर पोरं तिकडे जायचा धोशा लावणारच. पण तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांना 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टलाच उघडतात. दिवाळीत खालूनच टेकडी दाखवा आणि मोतीबागेकडे वळा.