'इनअटेन्टिव्ह' वापरायला शिकताना

नवा इंग्रजी शब्द शिकल्यावर तो लगेच वाक्यात घालून बघणं फार छान. 'इनअटेन्टिव्ह' म्हणजे लक्ष न देणारा. कशाकडे लक्ष नाही हे सांगायचं तर पुढे 'टू' लावा: 'ही वॉज इनअटेन्टिव्ह टू द वॉर्निंग'. 'पे अटेन्शन'पुढेही 'टू'च येतं, त्यामुळे लक्षात राहील.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- 'अनअटेन्डेड'शी गल्लत. जवळ कोणी नसलेली बॅग अनअटेन्डेड असते. तास चालू असताना खिडकीबाहेर बघणारा विद्यार्थी इनअटेन्टिव्ह.
- 'इनअटेन्टिव्ह'ऐवजी 'नेग्लिजन्ट' म्हणणं. हा शब्द जपून वापरा, त्यात कर्तव्यात कसूर केल्याचा आरोप असतो.

नाम हवं तर 'इनअटेन्शन'. 'ऑब्लिव्हियस' (भान नसलेला) या जवळच्या शब्दाच्या छटा सध्या राहू द्या. आधी 'इनअटेन्टिव्ह'चीच चार-पाच वाक्यं स्वतः लिहा.