कॅल्गरीच्या खिडकीवरचा बर्फ आणि सोलापुरातली ठेव

प्रश्न: मी एसटीतून निवृत्त झालो, वय 66. पेन्शन महिना 3,000 रुपये. बँकेत 18 लाखांची ठेव आहे, 7 टक्के व्याज मिळतं, त्यावरच आम्हा दोघांचं घर चालतं. मुलानं गेल्या वर्षी कॅनडात कॅल्गरीला जुनं घर घेतलं. या थंडीत तिथल्या दुहेरी काचेच्या खिडक्यांवर बर्फ साचतोय. सगळ्या खिडक्या बदलायचे 18,000 डॉलर, म्हणजे साधारण साडेअकरा लाख होतील असं विक्रेता म्हणतो. नातू 8 महिन्यांचा आहे. ठेव मोडून पैसे पाठवू का? (जुळे सोलापूर)

काका, नमस्कार. ठेव मोडू नका.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. हॉलच्या खिडकीत बर्फ खोलीच्या बाजूनं आहे, खालच्या कडेला आणि दोन्ही कोपऱ्यांत. पडदा अर्धा खाली. शेजारी स्टँडवर बाळाची दुपटी वाळत घातलीत आणि ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत वाफ सोडणारं यंत्र, चालू आहे. खिडकीचं दुखणं मला तिथंच दिसलं.

फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिच्या अंगाला पाणी सुटतं. बाटली गळत नसते, हवेतली वाफ गार अंगावर बसते. कॅल्गरीत बाहेर उणे 30 झालं की काचेची आतली बाजूही गार पडते. दोन काचांमधली पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर कडा सगळ्यात गार. खोलीत 21 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असेल, तर काच 10 अंशांच्या आसपास आली की पाणी सुटायला लागतं. कडा शून्याखाली गेली की त्याच पाण्याचा बर्फ होतो. एवढ्या कडाक्यात घरातली आर्द्रता 15 ते 20 टक्क्यांपर्यंत खाली ठेवावी लागते. नव्या खिडक्यांनी त्रास कमी होईल हे खरं, पण घरात वाफ तेवढीच राहिली तर कोपरे तेव्हाही ओले होतील.

म्हणून आधी मुलाला 15-20 डॉलरचा आर्द्रतामापक आणू द्या. दुपटी ड्रायरमध्ये वाळवायची, अंघोळीच्या आणि स्वयंपाकाच्या वेळी एक्झॉस्ट पंखा लावायचा, गरम हवा काचेपर्यंत जावी म्हणून पडदा वर ठेवायचा. बाळासाठी ह्युमिडिफायर किती लागतो ते डॉक्टरांना विचारून ठरवा. साचलेलं पाणी मात्र रोज पुसायलाच हवं, नाहीतर बुरशी धरते आणि तान्ह्या बाळाच्या घरात ती नकोच.

स्वयंपाकघरातली खिडकी वेगळी आहे. तिच्यावरचा धुरकटपणा आतून पुसून जात नाही, बाहेरूनही नाही, असं मुलानं लिहिलंय. म्हणजे दोन काचांमधलं सील गेलंय. तो खरा बिघाड. पण चौकट धड असेल तर नुसती काचांची जोडी बदलता येते. जुन्या मालकाकडे वॉरंटीचे कागद आहेत का, तेही विचारायला सांगा.

आता तुमच्या पैशाचं. आज ठेवीतून तुम्हाला महिना 10,500 रुपये येतात. साडेअकरा लाख काढले की उरलेल्या साडेसहा लाखांवर जेमतेम 3,800 येतील. पेन्शन धरून 6,800. त्यात किराणा, वीज आणि काकूंची बीपीची औषधं बसवून दाखवा, मला तरी जमत नाही. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजात कापेल ते वेगळं. वर एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या पुढे जे परदेशी पाठवाल, त्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तुमच्या बाबतीत 30,000. आयकर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण तोवर अडकून पडतो.

उलट ऑगस्टमध्ये ठेवीची मुदत संपली की 15 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्या 8.2 टक्के दर आहे, म्हणजे दर तिमाहीला 30,750 रुपये. उरलेले 3 लाख दवाखान्यासाठी बँकेतच राहू द्या.

नातवाच्या घराला आजोबांचा हात लागावा असं तुम्हाला वाटतं, ते पत्रात ओळीओळीत दिसतं. मग स्वयंपाकघरातल्या त्या एका काचेचा खर्च तुम्ही उचला, तो बचत खात्यातून झेपण्यासारखा असेल. मुलाकडून आठ दिवसांचे आर्द्रतेचे आकडे आणि पडदा वर केलेल्या खिडकीचा नवा फोटो मागवा, आणि दोन्ही मला पाठवा. तोपर्यंत ठेवीची पावती कपाटातच असू द्या.