वाचक विचारतात: घरातल्या आजारी माणसाचा खर्च आणि इन्कम टॅक्स

प्रश्न: सासूबाईंना (वय ७४) अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली, सिव्हिलमधून ८५ टक्क्यांचं सर्टिफिकेट मिळालंय. त्यांचं करायला मिस्टरांनी नोकरी सोडली. दिवसाच्या मावशी, फिजिओ, डायपर सगळं माझ्या पगारातून. मला टॅक्समधे काय सूट मिळेल? – एक वाचक, चिंचवड

उत्तर: ताई, तुमच्या नावावर काहीच नाही. राग येईल, मलाही येतो. ८० डीडी या सेक्शनची (फक्त जुन्या रिजीममधे) जी वजावट आहे ती खरं तर अशाच घरांसाठी, अपंगत्व ४० टक्के किंवा वर असेल तर ७५ हजार आणि ८० टक्के किंवा वर गेलं की सव्वा लाख, तेही ठोक, म्हणजे औषधपाणी-नर्सिंगवर खर्च ३० हजार होवो नाहीतर ४ लाख, वजावट तेवढीच. पण "आश्रित" म्हणजे कोण याची यादी कायद्यात दिलीये: नवरा किंवा बायको, मुलं, आईवडील, भाऊ-बहीण. सासूसासरे त्यात नाहीत. म्हणजे क्लेम तुमचे मिस्टर करू शकतात, आणि त्यांना आता उत्पन्नच नाही! सासूचं सगळं सून करते हे अख्ख्या गावाला माहितीये, फक्त हे सेक्शन लिहिणाऱ्यांना माहीत नव्हतं. मेडिक्लेमच्या ८० डी मधेही सासूसासरे बसत नाहीत, तिथेही हीच रड.

एक करता येतं. तुमच्याकडे शिल्लक पैसे असतील तर ते सासूबाईंच्या नावावर एफडीत टाका. सुनेने दिलेल्या गिफ्टवर त्यांना टॅक्स नाही आणि त्यावरचं व्याज त्यांचं उत्पन्न धरलं जातं, तुमच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही (हेच पैसे मिस्टरांच्या नावावर टाकलेत तर व्याज तुमच्याच गळ्यात). त्यांच्यावर टॅक्स बसत नसेल तर तसं लिहून देणारा ज्येष्ठांचा फॉर्म (२०२५-२६ पर्यंत १५ एच) बँकेत दिला की टीडीएसही कापत नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा, ते पैसे मग सासूबाईंचे झाले, उद्या दीर-नणंदांचाही त्यावर हक्क येतो, तेव्हा मृत्युपत्राचं आधी बघा.

प्रश्न: वडिलांना (वय ७८) पार्किन्सन्स आहे, मेडिक्लेम नाही. माझा पगार १८ लाख. ऑफिसने मला नव्या रिजीममधे टाकलंय. जुनीत गेलो तर वडिलांच्या खर्चाची सूट मिळते म्हणतात, जाऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: जुनीत मिळते, आणि बरीच मिळते; नवीत दर कमी, पण या वजावटी नाहीत. अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर ८० डीडी. शिवाय ८० डीडीबी, म्हणजे ठरावीक मोठ्या आजारांच्या उपचारखर्चाची वजावट, त्यात पार्किन्सन्सचं नाव आहे, अपंगत्व ४० टक्के किंवा वर हवं आणि न्यूरोलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन हवं, ज्येष्ठांसाठी मर्यादा १ लाख. मेडिक्लेम नाही म्हणून ८० डी मधे औषधांचा खर्च ५० हजारांपर्यंत, पण रोख दिलेला चालत नाही, केमिस्टला यूपीआय करत जा. एकच बिल दोन ठिकाणी लावू नका.

पण थांबा, आकडेमोड करू. २०२५-२६ च्या दराने १८ लाख पगारावर नव्या रिजीममधे ७५ हजारांची स्टँडर्ड वजावट जाऊन टॅक्स येतो सेससकट १,५०,८००. जुनीत एवढाच टॅक्स यायचा असेल तर सगळ्या वजावटी मिळून जवळपास ६ लाख ९२ हजार व्हायला हव्यात. तुमचं बघा: स्टँडर्ड ५० हजार, ८० सी (पीएफ, विमा वगैरे) दीड लाख, ८० डीडी सव्वा लाख, ८० डीडीबी १ लाख, ८० डी ५० हजार, झाले ४ लाख ७५ हजार. सगळं पूर्ण वापरूनही जवळपास २ लाख १७ हजार कमी पडतात. घराच्या कर्जाचं व्याज किंवा मोठा एचआरए (घरभाडे भत्ता) असेल तरच जुनीचा विचार करा, नाहीतर मुकाट्याने नवीतच रहा. माझं मत विचाराल तर सरकारने दर सगळ्यांचेच कमी केले आणि त्याच दमात आजारी माणूस सांभाळणाऱ्यांची सवलत काढून घेतली, त्यामुळे ज्याच्या घरी कोणी अंथरुणावर नाही तो आणि तुम्ही आता सेम टू सेम. ८० यू सुद्धा गेलं, म्हणजे स्वतः अपंग असणाऱ्याला मिळणारी वजावटही नवीत नाही.

ऑफिसने कुठलीही रिजीम धरली असली तरी पगारदाराला रिटर्न भरताना बदलता येते, पण मुदतीत भरलं तरच. उशीर झाला की नवीच.

प्रश्न: धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, मी जुन्या रिजीममधे ८० डीडी घेतो. सर्टिफिकेटची मुदत संपली, आता? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ज्या आर्थिक वर्षात मुदत संपली ते वर्ष चालतं, पुढच्यासाठी नवं काढा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम आणि बहुविकलांगता यांना १०-आयए हा वैद्यकीय सर्टिफिकेटचा फॉर्म लागतो. रिटर्नमधे भावाचा पॅन किंवा आधार आणि यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) नंबरही विचारतात, तो असेल तर हाताशी ठेवा. आणि भाऊ स्वतः रिटर्न भरून ८० यू घेत असेल तर तुम्हाला ८० डीडी मिळणार नाही, दोघांपैकी कोण घेणार ते घरात आधीच ठरवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू, सेक्शनचे नंबर बदललेत, तेव्हा त्यानंतरच्या उत्पन्नासाठी सीएकडे "८० डीडी" म्हणून अडून बसू नका.