वैविध्य आणि समावेशनाचं प्रशिक्षण: दिवसभराच्या व्याख्यानाऐवजी काय करता येईल

प्रश्न थोडक्यात असा. सार्वजनिक सेवेतलं कार्यालय आहे, कर्मचारी साधारण दोनशे. वैविध्य आणि समावेशन, म्हणजे वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या आणि गरजांच्या माणसांना बरोबरीने सामावून घेणं, या विषयावर प्रशिक्षण आयोजित करायची जबाबदारी तुमच्याकडे आली आहे. वरून आलेला प्रस्ताव असा की सगळ्यांना सभागृहात बसवायचं, बाहेरच्या तज्ज्ञांचं दिवसभर व्याख्यान ठेवायचं, शेवटी ऑनलाइन चाचणी घेऊन प्रमाणपत्रं द्यायची. एवढ्यावर भागेल का?

नाही भागणार. हजेरीपट भरेल, पण दुसऱ्या दिवशी खिडकीवर सगळं आधीसारखंच चालू राहील. हे माझं एकटीचं मत नाही. ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या नागरी सेवेतलं नकळत असणाऱ्या पूर्वग्रहांवरचं प्रशिक्षण बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याने वागणूक टिकाऊपणे बदलते याला पुरावा मिळत नाही, असं कारण दिलं होतं. अमेरिकेत फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी आठशेहून जास्त खासगी कंपन्यांची तीन दशकांची आकडेवारी तपासली. व्यवस्थापकांना सक्तीचं प्रशिक्षण सुरू केल्यावर पाच वर्षांनीही त्या पदांवर गोऱ्या स्त्रियांचं किंवा कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलेलं नव्हतं, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचं तर सरासरी ९ टक्क्यांनी घटलं होतं. त्याच अभ्यासात नवोदितांना मार्गदर्शक जोडून देणं, व्यवस्थापकांवर ठरावीक जबाबदारी टाकणं, यांचा मात्र फायदा दिसला. म्हणून प्रशिक्षण सोडून देऊ नका. त्याची मांडणी बदला.

व्याख्यान वाया जातं त्याची कारणं साधी आहेत. ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्यावर आरोप होतोय, आणि तो मनातल्या मनात बचाव करत बसतो. कारकून, चालक, लेखापाल, अधिकारी सगळे एका सभागृहात असतात, त्यामुळे उदाहरण कुणाच्याच टेबलापर्यंत पोचत नाही. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे माणूस शिकून परत जातो तेव्हा अर्जाचा नमुना, संगणकातला रकाना आणि कार्यपद्धती जुनीच असते. समावेशन शिकवायचं असेल तर त्या त्या माणसाच्या हातात असलेल्या निर्णयापासून सुरुवात करावी लागते.

पहिले तीन-चार आठवडे वर्ग भरवूच नका. मागच्या बारा महिन्यांतल्या तक्रारी काढा. परत पाठवलेले अर्ज आणि ते परत पाठवण्याची कारणं काढा. खिडकीजवळ दोन-तीन दिवस बसून लोक कुठे अडकतात ते टिपून घ्या. कर्मचाऱ्यांसाठी सहा ते आठ प्रश्नांची निनावी पाहणी करा. एक पथ्य पाळा: ज्या गटात दहापेक्षा कमी माणसं आहेत त्या गटाचे आकडे वेगळे दाखवू नका. एखाद्या शाखेत दोनच अपंग कर्मचारी असतील, तर ‘निनावी’ उत्तर कुणाचं ते सगळ्यांना कळतं आणि पुढच्या वेळी खरं कुणी लिहीत नाही. या माहितीतून पाच-सहा नेमके प्रसंग निवडा. प्रशिक्षण त्यांच्यावरच उभं करायचं.

गट पदानुसार नको, कामानुसार पाडा. खिडकीवरचे, अर्ज तपासणारे, पर्यवेक्षक, निवड समितीवर बसणारे. एका गटात पंधरा-सोळा जण, चालवायला दोघे, प्रत्येक बैठक ९० मिनिटांची, अशा तीन बैठका दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने. दोनशे माणसांचे १२-१३ गट होतात, म्हणजे चाळीसच्या आत बैठका. दिवसाला दोन घेतल्या तर वीस दिवसांचं काम. खिडक्या बंद पडू नयेत म्हणून एका विभागातले निम्मेच लोक एका वेळी घ्या. सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी आणि कंत्राटी माणसं यादीतून हमखास गळतात. त्यांना आवर्जून घ्या. नागरिक आत आला की त्याच्याशी पहिलं बोलतो तो दारावरचा रक्षक. कार्यालयप्रमुखांची बैठक सगळ्यांच्या आधी घ्या, नाहीतर खाली चर्चा होईल आणि वर कुणाला पत्ताही नसेल.

आता प्रसंग कसा लिहायचा, यावर जरा थांबते, कारण सगळं यावर अवलंबून आहे. सव्वाशे ते दीडशे शब्द पुरेत. त्यात खलनायक नको. उघडउघड दुष्ट माणूस दाखवला की वाचणारा म्हणतो, मी असा नाही, आणि सुटतो. नियम आणि माणूस यांच्यात खरीच ओढाताण असावी, शेवट उघडा असावा. खऱ्या तक्रारीवरून लिहीत असाल तर ओळख पटेल असे किमान तीन तपशील बदला.

नमुना म्हणून नावाचाच प्रसंग घ्या. ऑनलाइन अर्जात ‘आडनाव’ हा रकाना सक्तीचा आहे. समोरच्या बाईंच्या पासपोर्टवर एकच नाव आहे. आडनाव नाहीच. रांग लांब आहे. खिडकीवरचा कर्मचारी तेच नाव दोनदा टाकतो. दुसरा कर्मचारी टिंब टाकतो, तिसरा वडिलांचं नाव. तिघांचाही हेतू मदतीचाच. पुढच्या टेबलावर कागदपत्रं जुळत नाहीत म्हणून अर्ज परत जातो, बाईंची एक फेरी वाढते, आणि परतीच्या कारणात लिहिलं जातं ‘अर्जदाराची चूक’. जगातल्या कितीतरी समाजांत आडनावाची पद्धत नाही. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्णो यांचं नावच एवढं होतं. आइसलँडमध्ये बहुतेकांच्या नावापुढे वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून तयार झालेलं नाव लागतं, घराणं दाखवणारं आडनाव लागत नाही. अमेरिकेच्या व्हिसावर पहिलं नाव नसेल तर तिथे ‘एफएनयू’ ही अक्षरं छापतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात, आणि मग पुढची कार्यालयं तेच नाव समजून चालतात.

गटाला विचारायचे प्रश्न चारच. तुम्ही आज काय करता? त्याने पुढच्या टेबलावर काय होतं? नियमाच्या चौकटीत आज दुपारपासून काय वेगळं करता येईल? आणि रकाना बदलायचा अधिकार कुणाकडे आहे? तिसऱ्या प्रश्नातून तात्पुरती सूचना निघते, उदाहरणार्थ सगळ्यांनी एकच ठरलेली खूण वापरायची आणि शेऱ्यात कारण लिहायचं. चौथ्यातून संगणक विभागाकडे जाणारी लेखी मागणी निघते, तिच्यावर एका माणसाचं नाव आणि तारीख. इथे ‘परकी नावं’ हा विषय मागे पडतो आणि दोष रकान्यात आहे हे सगळ्यांना दिसतं. कुणाला अपराधी न ठरवता हे कळणं फार मोलाचं आहे.

९० मिनिटांची वाटणी अशी बसते: दहा मिनिटं बोलण्याचे नियम, पंधरा मिनिटं संकल्पना, वीस मिनिटं तिघा-तिघांत प्रसंगावर काम, पंचवीस मिनिटं एकत्र चर्चा, पंधरा मिनिटं प्रत्यक्ष बोलून सराव, आणि उरलेल्या पाच मिनिटांत प्रत्येकाने पुढच्या आठवड्यात करायची एक गोष्ट लिहायची. वेळ कमी पडला की सगळे सराव कापतात. तो कापू नका. ‘तुमचा उल्लेख कसा करू?’, ‘लिहून दाखवू का?’ ही वाक्यं तोंडातून एकदा निघालेली असली की खिडकीवर आठवतात.

कायदा, व्याख्या, तक्रार कुठे करायची, हा भाग वीस-पंचवीस मिनिटांच्या ऑनलाइन धड्यात टाका आणि तो सक्तीचा ठेवा. चर्चेच्या बैठकांत मात्र वेळ आणि प्रसंग निवडायची मुभा द्या. निवड समितीवर बसणाऱ्यांना ती सूट नको: प्रशिक्षण नाही तर समितीत जागा नाही.

चर्चेत अडचणी येणारच. सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप म्हणजे ‘नियम सगळ्यांना सारखा, मग यांनाच वेगळं का?’ तो प्रामाणिक असतो, उडवून लावू नका. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार हाताशी ठेवा. वाजवी सोय, म्हणजे एखाद्याच्या गरजेप्रमाणे करायचा बदल, नाकारणं हाही भेदभाव आहे असं त्यात स्पष्ट म्हटलंय, आणि त्या सोयीचा बोजा अवाजवी नसावा ही मर्यादाही तिथेच आहे. मग प्रश्न ठोस करा: या नियमाचा हेतू कोणता आणि सवय कोणती? अर्जदाराची ओळख पटवणं हा हेतू. उभं राहून, पेनाने, याच खिडकीवर सही करणं ही सवय. हेतू कायम ठेवून सवय बदलता येते हे लोकांना चटकन पटतं.

दुसरी अडचण म्हणजे गटातल्या एखाद्या सहकाऱ्याकडे सगळे वळतात: ‘तुमच्यात कसं असतं हो?’ तिथल्या तिथे थांबवा. ‘हा प्रश्न आपण प्रसंगातल्या माणसाबद्दल विचारू या’ एवढं म्हटलं तरी पुरतं. आपल्या समाजाची वकिली करणं हे त्या सहकाऱ्याचं काम नाही. याच कारणासाठी ‘अमुक समाजाची माणसं अशी असतात’ छापाच्या स्लाइड्स पूर्ण काढून टाका. त्यातून नवे साचे तयार होतात. कुणी बोचरं बोललं तर जाहीर पाणउतारा नको आणि ऐकून न ऐकल्यासारखंही नको. ‘हे वाक्य खिडकीपलीकडच्या माणसाने ऐकलं तर त्याला काय वाटेल?’ असं विचारून चर्चा प्रसंगावर आणा आणि बैठकीनंतर त्या व्यक्तीशी स्वतंत्र बोला. बैठकीत कुणी स्वतःच्या छळाबद्दल सांगू लागलं तर तिथे चौकशी करू नका. तक्रारीचा अधिकृत मार्ग नंतर एकांतात सांगा. आणि काही गोष्टी पुढे कळवणं चालवणाऱ्याला बंधनकारक असेल, तर पूर्ण गुप्ततेचं वचन देता येणार नाही हे बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून टाका.

पूर्वग्रह मोजणारी संगणक-चाचणी ठेवावी का, असंही विचारलं जातं. १९९८ मध्ये मांडलेली ही चाचणी एकाच माणसाने पुन्हा दिली तर निकाल बराच बदलू शकतो. कुणावर शिक्का मारायला ती वापरू नका. माझ्या मते वगळलेलीच बरी.

पर्यवेक्षकांना एक बैठक जास्त द्या, कारण रोजचा न्याय-अन्याय त्यांच्या हातून होतो: पाळी कुणाला कोणती, तात्पुरता पदभार कुणाला, बैठकीत कुणाचं बोलणं मध्येच तोडलं जातं. जुन्या वार्षिक मूल्यमापनांतले शेरे नावं काढून टेबलावर ठेवा. ‘मदतीला तत्पर, मनमिळाऊ’ आणि ‘धडाडी, नेतृत्वगुण’ यांच्या दोन राशी करायला सांगा आणि मग कोणत्या राशीत स्त्रिया किती, पुरुष किती, ते उघड करा. शेरे कमी असतील तर हा खेळ टाळा, माणसं ओळखू येतात. निवड समितीला एकच शिस्त लावा: सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. चांगलं उत्तर कशाला म्हणायचं ते आधी लिहून ठेवलेलं. प्रत्येकाने १ ते ५ गुण स्वतंत्र द्यायचे आणि चर्चा त्यानंतरच. गुण देण्याआधी अध्यक्ष बोलले की बाकीचे आकडे त्यांच्याकडे सरकतात. ‘आपल्यात मिसळेल का?’ हा निकष काढून टाका. त्याच्याआड काहीही लपतं.

प्रशिक्षणाची जागा आणि साहित्य स्वतः समावेशक नसेल तर पहिल्या दहा मिनिटांत विश्वास जातो. निमंत्रणातच कुणाला काय सोय लागेल ते विचारा आणि संपर्काला एका माणसाचं नाव द्या. फाइल्स तीन दिवस आधी पाठवा, म्हणजे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणाऱ्याला त्या वाचता येतील. चित्रांना वर्णन जोडा. स्लाइडवरच्या नेहमीच्या आकाराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधारातला फरक) किमान ४.५:१ ठेवा, आणि फक्त लाल-हिरव्या रंगाने अर्थ सांगू नका. व्हिडिओला सबटायटल हवीतच. सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन लागतात, कारण ते साधारण वीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. एकावर भागवलं की दुसऱ्या तासाला अर्थ गळायला लागतो. रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नको. आणि माईक प्रत्येकाने वापरायचा, आवाज कितीही खणखणीत असो, कारण ऐकू कमी येणारा माणूस हात वर करून सांगेलच असं नाही.

परिणाम मोजायचा तर सुरुवातीचे आकडे प्रशिक्षणाआधीच घ्यावे लागतात, हे बहुतेक जण विसरतात. ‘आवडलं का?’ हा फॉर्म भरून घ्या, पण त्यावर अहवाल लिहू नका. तीन आणि सहा महिन्यांनी तीन गोष्टी बघा: परत पाठवलेल्या अर्जांचं प्रमाण आणि त्यांची कारणं, सोयीची मागणी केल्यापासून निर्णय मिळेपर्यंत गेलेले दिवस, आणि तक्रारी. सुरुवातीला तक्रारी वाढल्या तर वरिष्ठ घाबरतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की दाद मिळेल असा भरवसा वाटू लागला की लोक बोलू लागतात. त्या तक्रारींचा निपटारा किती दिवसांत होतो ते पाहावं.

बजेट कापलं गेलं तर व्याख्यान आधी सोडा, मग प्रसंगांची संख्या कमी करा. सहा आठवड्यांनंतरची अर्ध्या तासाची पाठपुरावा बैठक मात्र सोडू नका. तिथे गटांतून निघालेल्या मागण्यांची यादी वाचायची: रकाना बदलला का, ती सूचना फलकावर लागली का, कुणाकडे अडकलंय. जी मागणी मान्य होणार नाही तिचं कारण लेखी द्यायला लावा. उत्तरच आलं नाही, तर त्या गटातली माणसं पुढच्या वर्षी बैठकीला येतील, पण तोंड उघडणार नाहीत.