वन्यजीव छायाचित्रण ही खरंच कला आहे का, की सगळा खेळ महागड्या लेन्सचा आणि नशिबाचा?

लेन्स आणि नशीब लागतंच, ते नाकारत नाही. मीही सुरुवातीला लेन्स भाड्याने आणायचो आणि फोटो चांगला आला तर श्रेय स्वतः घ्यायचो. डोकं ठिकाणावर आणलं ते साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीतल्या सरड्याने.

ठोसेघरच्या पुढे हे जांभ्याचं उघडं पठार आहे, वर पवनचक्क्यांच्या रांगा. पावसाआधीच्या उन्हात इथले नर दगडावर चढून गळ्याची कातडी पंख्यासारखी उघडतात. निळा, काळा, नारिंगी. दिसला म्हणेपर्यंत मिटलेला. २०१६ साली या सरड्याला नवी जात म्हणून मान्यता मिळाली आणि त्याच्या प्रजातीचं (जवळच्या जातींच्या गटाचं, म्हणजे genus चं) शास्त्रीय नावच 'Sarada' ठेवलं गेलं, आपल्या मराठी शब्दावरून.

पहिल्या दिवशी मी उभ्यानेच फोटो काढले. रंग आले, पण सगळे आधार कार्डावरच्या फोटोसारखे. दुसऱ्या दिवशी पोटावर झोपलो. कोपरं सोलवटली, पण कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या पातळीत आला आणि बोटभर दगडावर बसलेला तो प्राणी गडावर उभ्या किल्लेदारासारखा दिसायला लागला. सरडा तोच आणि ऊनही तेच, फक्त मी खाली आलो होतो. पंखा उघडल्यावर बटण दाबलं तर उशीर होतो, हेही तिथेच कळलं. त्याआधी तो अंग ताठ करून उचलतो, तेव्हाच बोट तयार हवं. (काडीने डिवचून सरड्याला दगडावर आणणारेही भेटले. तो फोटो कितीही देखणा असो, मी त्याला कला म्हणणार नाही.)

इतक्या जवळ जाता आलं याचा मला फार अभिमान होता. मग २०१८ सालचं एक संशोधन वाचनात आलं, याच पठारावरचं. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. त्यामुळे तिथे सरडे वाढलेत, आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नाहीत. म्हणजे माझं कसब वगैरे काही नाही, ती पवनचक्कीची कृपा! आणि मी मात्र प्रत्येक फोटोतून ती पवनचक्की कटाक्षाने बाहेर ठेवत होतो.

पुढच्या मे महिन्यात परत गेलो. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र) लहान केलं, म्हणजे मागचं पातं ओळखू येईल. पातं त्याच्या डोक्यामागे येईल अशी जागा धरून दोन तास पडून राहिलो. पुढे निळा-नारिंगी पंखा, मागे पांढरं पातं. फोकस थोडा हुकलाय, पण कला कुठली असं विचाराल तर मी हाच फोटो पुढे करेन.

घरच्या ग्रुपवर टाकला तर मावशीचा लगेच मेसेज: "छान आहे रे. तो मागचा पंखा तेवढा काढता येईल का?"